आधी उत्तरार्ध

त्या चित्रपटाचं नाव मी सांगणार नाही. यात शिष्टपणा नाही, भीती आहे. नाव सांगितलं की तुमच्यापैकी कोणीतरी दुसऱ्या कोणाला तरी विचारील, तो लगेच खुनी कोण ते सांगून मोकळा होईल, आणि ते पाप माझ्या माथी बसेल. दिग्दर्शकाचं नावही याच कारणासाठी सांगत नाही. एवढंच सांगतो, की चित्रपट फार जुना आहे, काळापांढरा आहे, पडदा नुकता बोलायला शिकला होता त्या काळातला आहे, आणि त्यात एक खून होतो.

माझ्या मते तो चित्रपट थोर आहे. आता माझ्या मताला कोण विचारतो, हा प्रश्न तुमच्या आधी मीच स्वतःला विचारला आहे. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढता काढता म्हातारा झालो, पण स्वतःचं एक वाक्य चारचौघांत बोलायची वेळ आली की ते मनातल्या मनात दहादा तपासतो. वाटतं, चूक असली तर? आणि ती काढणारा माझ्यासारखाच कोणी समोर बसला असला तर?

पण या चित्रपटाबद्दल मला शंका नाही. एक भाड्याच्या खोल्यांचं घर आहे. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारं. एका खोलीत एक घड्याळजी राहतो, आणि एके दिवशी तो मेलेला सापडतो. संशय सगळ्यांवर. घरमालकीण आहे, एक बेकार नट आहे, एक परिचारिका आहे, एक कारकून आहे. आता दुसरा कोणी दिग्दर्शक असता तर त्यानं सुरा दाखवला असता, रक्त दाखवलं असतं, किंकाळी ऐकवली असती. हा गृहस्थ ऐन खुनाच्या वेळी आपल्याला घेऊन जातो स्वयंपाकघरात. तिथं शेगडीवर दूध आहे. ते हळूहळू वर येतं, काठाशी थरथरतं आणि उतू जातं. मागं घड्याळजीच्या खोलीतल्या सगळ्या घड्याळांची टिकटिक. माणूस थांबला, पण त्याची घड्याळं चालूच आहेत! मला विचाराल तर... असो. भाषण करायची ही जागा नाही. ती जागा पुढं आली होती, आणि तिथंही मला ते करता आलं नाही.

माझी अडचण बायको होती.

लग्नानंतर मी तिला पहिल्यांदा जो चित्रपट दाखवायला नेला तो हाच. मध्यंतरापर्यंत तिनं तो डोळे विस्फारून पाहिला. मध्यंतरात ठामपणे म्हणाली, "घरमालकीण. तिनंच मारलं. घरात माणूस मेलाय आणि बाई आधी गालिचा खराब झाला का ते बघते!" मी गूढ हसलो. दिवे गेले, उत्तरार्ध सुरू झाला आणि तिची मान माझ्या खांद्यावर पडली. मी खांदा हलवला नाही. नवीन लग्न होतं. चित्रपटाचा तो अजोड शेवट मी बधिर हातानं पाहिला.

त्यानंतर तो टीव्हीवर लागला तेव्हा ती झोपली. चित्रपट मंडळात नेलं तिथं झोपली. दर वेळी मध्यंतरापर्यंत टक्क जागी आणि मग गाढ. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "अंधार असतो, पंखा असतो, आणि तासभर मला कोणी काही मागत नाही. झोप नाही येणार तर काय होईल?"

"पण शेवट?"

"सांगून टाका ना मग. घरमालकीणच ना?"

"शेवट सांगायचा नसतो, पाहायचा असतो," मी म्हणालो.

"राहिलं," ती म्हणाली, आणि कूस बदलली. खरं सांगतो, त्या 'राहिलं'नं मला जेवढं लागलं तेवढं तिच्या झोपेनं कधी लागलं नव्हतं. तेव्हापासून मी शेवटाबद्दल तोंडाला कुलूप घातलं. लग्नाची सगळी वर्षं ती 'घरमालकीण' म्हणत आली आणि मी गप्प राहत आलो. आमच्या संसारातलं माझं एवढं एकच गुपित.

अलीकडं वाटायला लागलं, की आपण दोघंही आता तिकीट काढून तयार बसलेली माणसं. हिनं एकदा तरी हा चित्रपट शेवटपर्यंत जागेपणी पाहावा. विचार करता करता एक युक्ती सुचली. घरी ती झोपते, परक्या लोकांत झोपते. पण ओळखीच्या लोकांत, जिथं वरच्या मजल्यावरच्या वहिनी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असतील, तिथं ती डोळा मिटणार नाही. मिटला तर वहिनी महिनाभर तेच बोलतील, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा चित्रपट आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये दाखवायचा. बस्स. एवढासा बेत होता.

चित्रपट बाजारात मिळत नव्हता. तो फक्त चित्रसंग्रहालयात होता. तिथल्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "व्यक्तीला देत नाही, संस्थेला देतो."

"मी व्यक्तीच आहे," मी अपराध्यासारखा म्हणालो.

"मग संस्था आणा. अध्यक्ष, सेक्रेटरी, शिक्का. शिक्का गोल हवा. आणि उद्देश सांगा."

"चित्रपट पाहणे."

"तो सगळ्यांचाच असतो. शैक्षणिक, सांस्कृतिक की संशोधन?"

'पत्नीला जागे ठेवणे' असा चौथा प्रकार त्यांच्याकडं नव्हता. मी सांस्कृतिक म्हणालो आणि घरी आलो.

गोल शिक्का आमच्या सोसायटीकडं होता आणि तो सेक्रेटरींच्या खिशात असतो. आमचे सेक्रेटरी सभांवर जगतात. लिफ्टचा दिवा गेला तरी सभा घेतात. बाकी आमच्या लिफ्टला दिव्यापेक्षा मोठा आजार आहे. तिचं जाळीचं दार हातानं धरून ठेवलं नाही, तर ते अर्ध्या माणसावर आपटतं. मी आपला नेहमी दार धरतो. सगळे आत शिरेपर्यंत धरतो आणि मग स्वतः, जागा उरली तर, शिरतो. इतक्या वर्षांत त्याबद्दल कोणी कधी काही बोललेलं नाही. मी त्यासाठी धरतो असंही नाही. पण एखाद्यानं नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं. बायको म्हणते, "तुम्हाला कोणी सांगितलंय धरायला?" यावर मी आपला पुन्हा दार धरतो. हे विषयांतर झालं खरं, पण लक्षात असू द्या.

सभा झाली. मी उभा राहून म्हणालो, की एक जुना, चांगला, खुनाचा चित्रपट आहे. पुढचं वाक्य तयार होतं, पण तेवढ्यात सूचना सुरू झाल्या.

"गाणी आहेत का हो, काका?" वरच्या वहिनींनी विचारलं.

"नाहीत."

"एकही नाही?"

"एक माणूस शीळ घालतो."

"बरं, तेवढं चालेल," वहिनी उदारपणे म्हणाल्या.

तळमजल्यावरचे फौजदार पुढं सरसावले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण ते अजून कोणाकडंही, आपण त्याला कुठंतरी पाहिलंय, अशा नजरेनं बघतात. "खून कशानं केला?"

"ते दाखवलेलं नाही."

"हत्यार?"

"तेही नाही."

"म्हणजे हत्यार जप्त नाही, प्रेत दिसत नाही. पंचनामा तरी आहे का?"

"दूध उतू जातं," मी क्षीण आवाजात म्हणालो. दिग्दर्शकाच्या शैलीबद्दल त्या सभेत मला एवढंच बोलता आलं. फौजदारांनी माझ्याकडं असं पाहिलं, की तिथल्या तिथं मला कबुलीजबाब द्यावासा वाटला.

सेक्रेटरींना मात्र वेगळंच काही दिसत होतं. "काका, सुवर्णसंधी आहे! आपल्या पाण्याच्या मोठ्या पाइपचं काम पाणीखात्याच्या साहेबांकडं अडलंय. आणि साहेबांना जुन्या चित्रपटांचा षौक आहे, असं त्यांचा शिपाईच मला म्हणाला. त्यांना मुख्य पाहुणे बोलवू."

"चित्रपटाला मुख्य पाहुणे कशाला?"

"मुख्य पाहुण्यांशिवाय आपल्या हॉलमध्ये आजवर काही झालंय का?"

वरच्या मजल्यांवर पाणी येत नाही हे खरं होतं. वहिनींच्या डोळ्यांत तर चित्रपटाच्या नावानं पहिल्यांदाच पाणी आलं. ठराव एकमतानं झाला. माझ्या बायकोला जागं ठेवण्याच्या कार्यक्रमाचं नाव आता 'सांस्कृतिक मेळावा व पाणीप्रश्न' असं पडलं होतं. त्यात माझ्या वाट्याला 'दिग्दर्शकाच्या शैलीविषयी दोन शब्द' आले. "दोन म्हणजे दोनच हं काका," सेक्रेटरी म्हणाले, "नाहीतर विद्वान माणसं ऐकत नाहीत." मी विद्वान नाही हे सांगायला तोंड उघडलं, पण तोवर ते खुर्च्या मोजायला गेले होते.

मी भाषण लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. या दिग्दर्शकाची खुबी मला एका वाक्यात सांगायची होती. तो काही समजावून सांगत नाही, तो फक्त गरजेपेक्षा क्षणभर जास्त थांबतो. एखादा माणूस दाराबाहेर जातो, गोष्ट तिथं संपते, पण कॅमेरा दारावरच राहतो. त्या एका जास्तीच्या क्षणात सगळं काही असतं. हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहायचो.

"आरशाला तरी बसायला सांगा," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "उभ्याउभ्या ऐकतोय बिचारा."

"तू येणार ना?"

"येणार म्हणजे? नवऱ्याचं भाषण आहे. नवी साडी नेसून येणार आहे."

"चित्रपटालाही थांबायचंय. पूर्ण."

"थांबेन की. बघू तरी ती घरमालकीण कशी पकडली जाते."

रविवारी दुपारपासून तयारी सुरू झाली. टेबलटेनिसचं टेबल भिंतीला लागलं. प्रोजेक्टर शिकवणीच्या वर्गातून उसना आणला होता. पडदा मात्र कोणी सांगितलाच नव्हता, कारण प्रत्येकाला वाटलं, तो प्रोजेक्टरच्या आत असतो. अखेर वहिनींनी आपली चादर दिली. "पांढरी आहे ना?" असं विचारलं तर म्हणाल्या, "पांढरीच. अगदी फिकी फुलं आहेत, ती काय दिसणारेत!" चादर इस्त्री करून टांगली. संग्रहालयातून आणलेल्या दोन तबकड्या मी स्वतः टेबलावर ठेवल्या. एकीवर पूर्वार्ध, दुसरीवर उत्तरार्ध. अक्षरं ठळक होती. याहून सोपं काही असू शकतं असं मला तेव्हा वाटलं नाही.

वेळ झाली. हॉल भरला. साहेबांचा पत्ता नव्हता. सेक्रेटरींनी माझ्या हातात मोठा बुके दिला. "काका, तुम्ही फाटकाशी उभे राहा. कार्यक्रम तुमचा, स्वागत तुम्हीच करायचं."

मी फाटकाशी उभा राहिलो. बुके घेऊन एकट्यानं रस्त्यावर उभं राहण्याचं वय माझं केव्हाच निघून गेलं होतं. येणारेजाणारे बघून हसत होते. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "आजोबा, त्या येणार नाहीत आता." मी बुके पाठीमागं लपवला. त्यानं तर अधिकच संशय येत होता.

आणि मग हॉलच्या खिडकीतून शीळ ऐकू आली.

मी गारठलो. तो कारकून शीळ घालत जिन्यावरून उतरतो ना, तो प्रसंग उत्तरार्धाच्या सुरुवातीला आहे. म्हातारा माणूस जेवढ्या वेगानं धावू शकतो आणि तरी त्याला धावणं म्हणत नाहीत, तेवढ्या वेगानं मी हॉलमध्ये शिरलो. चादरीवर खरोखरच उत्तरार्ध चालू होता. कारकुनाच्या कपाळावर एक टपोरं फूल उमललं होतं.

"अहो, हा दुसरा भाग आहे!" मी सेक्रेटरींच्या कानाशी म्हणालो.

"ठाऊक आहे की!" ते अभिमानानं कुजबुजले. "साहेबांना उशीर होणारेय, फोन आला. मुख्य पाहुण्यांना सुरुवातीपासून दाखवायला नको का? म्हणून पहिला भाग त्यांच्यासाठी राखून ठेवला. लोकांना नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा तोवर दुसरा उरकून घेऊ म्हटलं. वेळ वाया नाही गेला."

मी त्यांच्याकडं पाहत राहिलो. त्या युक्तिवादात कुठंतरी चूक होती, पण इतका निर्मळ, इतका कार्यक्षम चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता. चुका काढण्यात उभा जन्म गेलेल्या मला ती चूक नेमकी कुठून पकडावी ते कळेना.

"थांबवा," मी जरा मोठ्यानं म्हणालो.

"ओ काका, बसा ना! काही दिसत नाहीये!" मागून दहा आवाज आले.

बसलो. याला भित्रेपणा म्हणा, सभ्यता म्हणा. बायकोच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. नव्या साडीत ती ताठ बसली होती आणि पलीकडं वहिनी असल्यामुळं टक्क जागी होती. माझी युक्ती सफल झाली होती. नेमकी नको त्या वेळी.

शेवट जवळ आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. इतकी वर्षं जपलेलं ते एक गुपित, पूर्वार्धाशिवाय, बुडख्याशिवाय, फुलाफुलांच्या चादरीवर फुटणार होतं. मला राहवेना. मी हळूच बुके वर उचलला आणि तिच्या डोळ्यांपुढं धरला.

"अहो! फुलं बाजूला करा, दिसत नाहीये!" तिनं फटकन बुके खाली केला.

आणि तिनं शेवट पाहिला. आता तुम्हालाही सांगावा लागेल, पण नाव सांगितलेलं नाही, तेव्हा तुमचं नुकसान नाही. पोलीस त्या बेकार नटाला धरून बाहेर नेत असतात. बोळाच्या टोकाला जडशीळ दार आहे, स्प्रिंगचं. तो सभ्य कारकून नेहमीप्रमाणं दोन्ही हातांनी ते दार सगळ्यांसाठी धरून उभा आहे. तेवढ्यात त्याच्या खिशात घड्याळजीचं घड्याळ वाजायला लागतं. दार सोडलं तर घड्याळ खिशातल्या खिशात बंद करता येईल. पण समोरून घरमालकीण येते आहे. बाईमाणसाच्या अंगावर दार सोडायचं? ते त्याच्या रक्तातच नाही. तो दार धरूनच राहतो. घड्याळ वाजत राहतं. कॅमेरा त्याच्या त्या दोन हातांवर थांबतो. सगळे वळून बघतात. संपलं.

"हा?" बायको म्हणाली. "हा तर किती सभ्य आहे!"

मी बुके मांडीवर घेतला.

"म्हणजे घरमालकीण नाही?"

"नाही."

"आणि तुम्हाला हे लग्नापासून माहीत होतं? मी घरमालकीण घरमालकीण करत होते तेव्हा गालातल्या गालात हसत होता?"

"हो."

"शाबास," ती म्हणाली. त्या शाबासकीत पुढच्या काही आठवड्यांची नावडती भाजी मला दिसली.

दिवे लागले. फौजदार उठून उभे राहिले. "आरोपी मिळाला, मुद्देमाल मिळाला. पण कारण? हेतू सिद्ध झाल्याशिवाय केस टिकत नाही! मारलं का त्यानं?"

"का बरं?" वहिनी म्हणाल्या. "इतका चांगला माणूस!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. उत्तर पूर्वार्धात आहे, असं मी सांगणार तेवढ्यात दारात साहेब आले. मी उठलो आणि तो चुरगळलेला बुके त्यांच्या हातात दिला. सेक्रेटरी पाणीप्रश्नावर बोलले, साहेब त्यावर न बोलता इतर विषयांवर बोलले, आणि वेळेअभावी माझे दोन शब्द रद्द झाले. मला दुःखच झालं. पण सुटल्यासारखं वाटलं तेही खरं.

पूर्वार्ध सुरू झाला. आता या दाखवण्यात राहिलं काय, असं म्हणून मी मान खाली घातली. खुनी माहीत, शेवट माहीत. हिला आता नक्की झोप लागणार.

पहिलंच दृश्य. बोळ, दारं. घड्याळजी बाहेरून येतो. कारकून दार धरतो. घड्याळजी त्याच्याकडं न बघता आत निघून जातो. कॅमेरा कारकुनावर क्षणभर जास्त थांबतो.

"अहो!" बायकोनं माझा हात घट्ट धरला. "अहो, बघा, त्यानं दार धरलं!"

"धरलं की," वहिनी म्हणाल्या. "पण तो मेला साधं बघतसुद्धा नाही त्याच्याकडं!"

"कोण मेला? मेला तो पुढं," कोणीतरी म्हणालं.

पुन्हा दार. पुन्हा घड्याळजी तसाच निघून गेला. या खेपेला अख्खा हॉल एकदम "श्शी!" म्हणाला. तिसऱ्या वेळी कारकुनाच्या बोटांवर दार आपटलं तेव्हा मागून आवाज आला, "थँक्यू म्हणायला काय जातं रे तुझं!" फौजदार तर खुर्चीच्या कडेवर आले होते. पडद्यावरचा हुशार पोलीस शिपाई सगळ्यांची चौकशी करत बोळातून हिंडत होता, आणि दर वेळी त्याच्यासाठी दार कोण धरत होतं? "अरे गाढवा, मागं बघ! तुझ्या मागंच उभा आहे! आभार मान आणि बेड्या घाल!" फौजदार ओरडले.

त्याआधी, खुनाच्या वेळी दूध वर यायला लागलं तेव्हा मात्र हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. दूध काठाशी आलं. उतू गेलं. टिकटिक चालूच राहिली. "आई गं," बायको पुटपुटली.

मी मान वर केली होती. माझ्या आरशासमोरच्या भाषणातला एकेक मुद्दा आमची इमारत ओरडून ओरडून मांडत होती. आणि माझ्या लक्षात एक साधी गोष्ट आली. पहिली खेप सोडली, तर मी स्वतः हा चित्रपट कायम शेवट माहीत असूनच पाहत आलो होतो. म्हणजे मी ज्या चित्रपटाच्या प्रेमात होतो तो हिला मी कधी पाहूच दिला नव्हता. तो सेक्रेटरींनी दाखवला.

सगळ्या हॉलमध्ये एकच माणूस अंधारात होता, तो म्हणजे साहेब. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, "तुम्ही सगळे त्या कारकुनाकडं काय बघताय? मला तर ती घरमालकीण वाटते."

"बघा! साहेबांनाही तेच वाटलं!" बायको मला कोपर मारून म्हणाली. सेक्रेटरींनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. पाइपचा प्रश्न होता.

दिवे लागले. साहेब हात चोळत म्हणाले, "वा! आता दुसरा भाग लावा."

सेक्रेटरी उभे राहिले. "साहेब, दुसरा भाग... आधी झाला."

"आधी झाला?" साहेब त्यांच्याकडं बघत राहिले. "अहो, तुमच्याकडं पाणीही असंच येतं का? आधी वरच्या मजल्यावर आणि मग खाली?"

"वर येतच नाही साहेब! तेच तर कधीपासून सांगतोय!" सेक्रेटरींनी ती संधी अशी झेलली, की मला त्यांचं कौतुक वाटलं. साहेब मोठ्यानं हसले. म्हणाले, "उद्या माणूस पाठवतो पाइप बघायला. पण आधी मला खुनी दाखवा."

उत्तरार्ध पुन्हा लावायचं ठरलं. मला वाटलं लोक उठतील. कोणी उठलं नाही. तबकडी बदलताना प्रोजेक्टर अडून बसला, आणि वेळ भरून काढायला सेक्रेटरी म्हणाले, "काका, तोवर तुमचे ते दोन शब्द होऊन जाऊ द्या."

मी उभा राहिलो. भाषण दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात. आणि त्यात होतं ते सगळं तर यांनीच बोलून टाकलं होतं. मी म्हणालो, "हा दिग्दर्शक... जरा जास्त थांबतो." मग मीही थांबलो. गरजेपेक्षा बराच जास्त. शेवटी म्हणालो, "एवढंच." आणि बसलो.

टाळ्या पडल्या. त्या मला होत्या की प्रोजेक्टर त्याच क्षणी चालू झाला म्हणून, हे मी विचारलेलं नाही.

शीळ ऐकू आली. कारकून जिना उतरायला लागला. आणि माझ्या डाव्या खांद्यावर ओळखीचं वजन आलं. मी वळून पाहिलं नाही. पलीकडून वहिनी बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघून बोट ओठांवर ठेवलं. शेवटापर्यंत खांदा हलवला नाही. हात बधिर झाला. चित्रपट नेहमीइतकाच चांगला होता.

साहेब खूश होऊन गेले. आम्ही सगळे लिफ्टपाशी आलो. सवयीनं मी पुढं झालो आणि दार धरलं. नेहमी धक्काबुक्की करत आत शिरणारी मंडळी जागच्या जागी थबकली. माझ्या हातांकडं बघायला लागली.

"आभारी आहे, काका," वहिनी जपून म्हणाल्या आणि अंग चोरून आत शिरल्या.

"फार फार धन्यवाद हं," सेक्रेटरी म्हणाले.

सगळे एकेक करून, माझ्याकडं नीट बघून, आभार मानून आत गेले. फौजदार तर तळमजल्यावरच राहतात, त्यांना लिफ्टची गरजच नाही. तरी ते मुद्दाम येऊन समोर उभे राहिले आणि कोर्टात साक्ष द्यावी तशा आवाजात म्हणाले, "छापखानेवाले, आजवर तुम्ही जेवढ्या वेळा दार धरलंत, त्या सगळ्यांबद्दल आभार. नोंद असू द्या."

लिफ्ट भरून वर गेली. आम्ही दोघंच खाली उरलो. बायकोनं जांभई दिली.

"झोप लागली वाटतं मला?"

"जरा."

"कुठवर पाहिलं मी?"

"जिन्यापर्यंत."

"तो शेवट मघाशी पाहिला तेव्हा त्या हातांकडं माझं लक्षच नव्हतं हो. तेव्हा कुठं माहीत होतं तो कोण आहे ते? परत बघायला हवा." लिफ्ट खाली आली. मी दार धरलं. ती आत शिरली, वळली आणि म्हणाली, "पण पुढच्या वेळी घरीच लावा. तुमच्या खांद्याचं हाड फार टोचतं. उशी तरी घेता येईल."